हात नाही जोडायचे, तर ठेवायचे कुठं?

मास्तरकीत दोनच गोष्टी साठतात. खडूची भुकटी आणि किस्से. भुकटी अंघोळीला निघून जाते. किस्से मात्र लग्नात चार मास्तर एका पंगतीला बसले की जिलबीबरोबर वाढले जातात आणि दर पंगतीला थोडे फुगतात! माझं तर गेल्या वर्षापासून असं झालंय की कुणी नुसतं 'बाई, सांगा की एखादा' म्हटलं, तरी तोंडात मुक्ता भोरचंच नाव येतं.

आमची शाळा झेडपीची. मंचरवरून पेठकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की गाव. शिक्षक तीन. हेडमास्तर पोखरकर सर, साळवे मॅडम आणि मी. पोखरकर सर इतके देवभोळे, की प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आला तरी सोडायच्या आधी त्याला कुंकू लागायचं. साळवे मॅडम बौद्ध, कमी बोलणाऱ्या. आणि मी मार्गशीर्षातले गुरुवार धरणारी, पण साबुदाण्याची खिचडी समोर आली तरच.

तर जूनमध्ये सचिन भोर पोरीला तिसरीत घालायला आला. चाकणची नोकरी सोडून त्यानं मंचरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलेलं. नवराबायको दोघंही देव न मानणारे. घरात देव्हारा नाही, उपास नाही, काही नाही.

"सर, पोरीला काय शिकवायचं ते शिकवा," सचिन म्हणाला. "अभ्यास नाय केला तर ओरडा. फक्त प्रार्थनेला हात जोडायला लावू नका. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर जोडंल की. आमी नाय आडवनार."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हात नाही जोडायचे?"

"नाय."

"मग ठेवायचे कुठं?"

आता हा विचार सचिननंही केला नव्हता! तो घरी गेला, बायकोशी बोलला आणि दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आला. "सर, खाली सोडलेले चालतील."

"राष्ट्रगीताला सोडतो तसे?"

"तसेच."

"मग हरकत नाही," सर म्हणाले. पण त्यांना काही राहवेना. "पण मनात काय म्हणेल रे ती?"

"सर, बाकीची पोरं मनात काय म्हनत्यात, ते तरी तुमाला कुठं म्हाईतीय!"

* * *

आठवडा गेला नसेल. परिपाठ संपला आणि मुक्ता माझ्याकडं आली.

"बाई, प्रार्थनेला आर्यन चिंच खात व्हता."

"तुला गं काय माहीत?"

"माझे डोळे उघडेच असतात ना. मला परवानगी आहे."

असं म्हणून तिनं सगळ्या शाळेचा हिशेब मांडला. कोण कुणाची वेणी ओढतं, कोण झोपतं, कोण नखं खातं. मी आपली मजेत ऐकत होते. शेवटी म्हणाली, "आणि हेडसर मोबाईल बघतात."

सर मागंच उभे! कानाच्या पाळ्या लालेलाल. "अहो, ते... मार्केटचा मेसेज येतो सकाळी. कांद्याचा. आमचा माल जायचा होता ना त्या दिवशी!"

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग माझ्या टेबलापुढं. "बाई, आमाला पन नास्तिक व्हायचंय!"

"नास्तिक म्हणजे काय रे?"

आर्यन पुढं आला. "म्हंजी डोळे उघडे ठिवायचे आन मंग बाईंना चहाड्या सांगायच्या!"

* * *

गणपतीत शाळेत शिरा होतो. आता आरतीला मुक्ता बाजूला उभी राहिली, ते ठीक. पण प्रसादाचं काय? सरांनी सचिनला फोन लावला. तो मोटर काढायला कुणाच्या तरी विहिरीत उतरलेला, आवाज घुमत येत होता.

"सर, प्रसाद म्हनून नको! शिरा म्हनून द्या!"

झालं. सरांनी एकाच पातेल्यातल्या दोन थाळ्या वेगळ्या काढल्या. एक देवापुढची, एक नुसत्या शिऱ्याची. मुक्तानं नुसता शिरा खाल्ला, द्रोण चाटला आणि सरळ प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी!

"अगं, तुला हा चालत नाही ना?" सर म्हणाले.

"पप्पा म्हणले देव नसतो. मग हा पण शिराच की!"

सरांनी त्या थाळीकडं बघितलं. डॉक्टरनी त्यांचं गोड बंद केलेलं, प्रसादाला तेवढी सूट होती आणि ती एकदा वापरून झाली होती. हळूच मला म्हणाले, "बाई, प्रसाद माझा झाला. आता मलाही थोडा शिरा म्हणून द्या!"

* * *

शाळेच्या बोअरची मोटर जळाली तेव्हा सचिननंच ती नवी तार गुंडाळून भरून दिली, बसवली, वायरी जोडल्या. बटण दाबणार तेवढ्यात सर नारळ घेऊन हजर.

"सर, कशाला?"

"तुला मानायचं नाही ना? तू नको मानू. तू तिकडं बघ."

सचिन बिचारा खरंच तिकडं बघायला लागला. तिथंच सगळं चुकलं. सरांना फोडायला दगड सापडेना. समोर स्टार्टरची लोखंडी पेटी, झाकण उघडं. सरांनी कडेवर नारळ आपटला. एका फटक्यात दोन शकलं आणि सगळं पाणी पेटीच्या आत! सचिननं वळून बटण दाबलं. फट्ट! धूर!

"देवाला मान्य नव्हतं," सर पुटपुटले.

"देवाचं मला म्हाईत नाय सर," सचिन म्हणाला, "स्टार्टरला मान्य नव्हतं."

पण खोबरं मात्र त्यानं तिथंच बसून अर्धं खाल्लं.

* * *

दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, वर झेंडूचं फूल. मुक्तानं आकडे इतके सुरेख काढले, की तिची सरस्वती सगळ्यांत देखणी. हळदकुंकू मात्र वाहिलं नाही, हातही जोडले नाहीत. झालं, आलेल्या बायाबापड्यांत कुजबूज सुरू झाली आणि शाळा समितीचे अध्यक्ष बबनभाऊ यांनी मीटिंग लावली.

बबनभाऊ पोखरकर सरांचाच जुना विद्यार्थी. सर तरुणपणी याच शाळेत होते. आवाज असा, की माईक लागत नाही, पण मीटिंगला माईक हवाच. "पोरीवर माझा राग न्हाई," ते म्हणाले. "पन शाळा एक, तर नियम बी एक पायजे. आज ही हात जोडंना, उद्या दुसरा पाढं म्हनंना. कसं व्हायचं?"

सचिन उभा राहिला. "भाऊ, ही पोरं रोज संविधान म्हनत्यात. त्यात उपासनेचं स्वातंत्र्य हाय. ते काय नुसतं पाठ करायला ठिवलंय व्हय? तसं आसंल तर मी पोरगी काढतो, मंचरच्या इंग्लिश शाळेत घालतो."

दारात पायरीवर मुक्ता बसली होती. हे ऐकल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला. चाकणच्या शाळेत तिला एकही मैत्रीण नव्हती आणि इथं चौघींत डबा मिसळून खायची पोर! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. दोन मोठी माणसं आपापल्या जागी खरी आणि मधे ही.

तेवढ्यात साळवे मॅडम उठल्या. मीटिंगमध्ये त्या बोलतात हेच आम्हाला नवीन.

"शाळेत पूजा असते तेव्हा मी कुठं असते, माहीत आहे का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा!

"बाहेर असते. पोरांच्या चपला जोडीनं लावते. पाहुणे येतात, म्हणतात, काय शिस्त आहे शाळेला! शिस्त कसली? मला आत उभं राहायचं नसतं."

आधी सगळे हसले. मग एकेकाची नजर दाराबाहेरच्या चपलांकडं गेली.

सर म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलं असतं तर बोलले असते, सर."

सरांनी परत चष्मा काढला. या वेळी पुसला मात्र नाही, तसाच हातात धरून बसले. मग म्हणाले, "ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत. बाकीच्यांनी गडबड न करता उभं राहावं. आणि चपला उद्यापासून पोरं लावतील."

"सर हायेत तवर ठीक हाय," बबनभाऊ पुटपुटले, तेसुद्धा माईकवर!

सचिन तरी स्वस्थ बसेल तर शपथ. तो मंचरला ती इंग्लिश शाळा बघून आलाच. मी विचारलं, "काय रे, आवडली का?"

"आवडतीय कसली! गेटातच मंदिर. सकाळी मंत्र, दुपारी जेवायच्या आधी श्लोक, सुटताना परत आरती. बाई, तिथं हात खाली सोडायला टाईमच नाय!"

* * *

आणि मग दिवाळीनंतर पोखरकर सरांच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं, बायपास झाली. गावात चूल पेटेना अशी अवस्था. बबनभाऊ तर लहान पोरासारखे रडले. त्यांनी ठरवलं, सर येईपर्यंत रोज शाळेत सरांसाठी प्रार्थना. स्वतः यायचे. अंगानं थोराड, गुडघे दुखायचे, म्हणून घरची हाताची खुर्ची बरोबर आणायचे. उभ्यानं प्रार्थना म्हणायचे आणि संपली की धाडकन खुर्चीत बसायचे.

सगळी पोरं हात जोडून, डोळे मिटून. मुक्ता हात सोडून, डोळे उघडे. बबनभाऊंनी दोन आठवडे सोसलं. शनिवारी सचिनला बोलावून म्हणाले, "सरांसाठी बी तुझ्या पोरीचे हात जुळत न्हाईत? मानुसकी हाय का न्हाई? सोमवारी हात जोडले तर ठीक, न्हाईतर घेऊन जा तिला मंचरला. मग तिथं देऊळ का असंना!"

सरांवर सचिनचाही जीव होता. घरी जाऊन त्यानं पोरीला सांगितलं, "तुला जोडावंसं वाटलं तर जोड गं. माझ्यासाठी थांबू नको."

"हात जोडले की सर येतात का?" तिनं विचारलं.

"डॉक्टरनी बरं केलं की येतील."

"मग मी वाट बघते," असं म्हणाली आणि रात्रभर मुसमुसत राहिली. हे त्यानंच मला सोमवारी सकाळी गेटावर सांगितलं. पोरीचं दप्तर त्यानं स्वतःच्या खांद्याला लावलेलं, म्हणजे घेऊन जायच्या तयारीनंच आलेला.

प्रार्थना सुरू झाली. बबनभाऊंनी खणखणीत हुकूम सोडला, "सगळ्यांनी डोळे मिटा! कुनी मधी बोलायचं न्हाई!" सगळ्यांनी मिटले. सचिन मान खाली घालून भिंतीला टेकलेला. मी मास्तरीण, एक डोळा अर्धा उघडा ठेवायची जुनी खोड. त्यातून बघितलं तर मुक्ताचे हात खाली आणि नजर गेटाकडं.

आणि गेटात रिक्षा थांबली. पोखरकर सर! दवाखान्यातून सुटून कुणाला न कळवता आलेले, मफलर गुंडाळलेले, निम्मे झालेले, मुलाचा खांदा धरून उतरले. बघतात तर प्रार्थना चालू. मुलगा रिक्षावाल्याशी बोलायला वळला आणि सरांनी काय करावं? चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि स्वतःच्याच प्रार्थनेला उभे राहिले! पाय लटलट कापतायत, पण प्रार्थना मोडायची नाही.

"सर आले!" मुक्ता ओरडली.

"गप!" बबनभाऊ डोळे न उघडता गरजले. "सरांसाठीच चाललंय!"

मी काही बोलायच्या आत पोरगी निघाली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्या मैदानात खुर्ची एकच. तिनं ती बबनभाऊंच्या मागून ओढली आणि खरडत खरडत गेटाकडं नेली. एवढा आवाज, पण एकानं डोळा उघडला असेल तर शपथ! तिनं खुर्ची लावली, सरांचा हात धरला, म्हणाली, "सर, बसा." सर बसले.

इकडं बबनभाऊंनी शेवटची ओळ लांबवली, "देवा, आमच्या सरांना लवकर घेऊन ये रे बाबा!" आणि नेहमीसारखे खुर्चीत बसले.

धप्प!

तेव्हा सगळ्या शाळेचे डोळे उघडले. गेटात सर खुर्चीवर, शेजारी मुक्ता आणि इथं धुळीत फतकल मारलेले अध्यक्ष. कुणाकडं बघावं कळेना! बबनभाऊंनी सरांना बघितलं आणि बसल्या जागेवरूनच हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"सर! देवानंच आणलं हो तुमाला! देवानंच आणलं!"

सरांनी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवानंच आणलं रे बबन. खुर्ची तेवढी हिनं आणली!"