दर्शनाच्या हळदीला जयेश जागा हवा

किस्से गोळा करायला आमच्या सेंटरमध्ये कुणी नोकरी करत नाही. पण चार वाजता मुलं घरी गेली, चहा आला आणि कुणीतरी "आज काय झालं माहितीये?" म्हणालं, की सहा कधी वाजले ते कळत नाही. आमची "मुलं" म्हणजे विशी-तिशीतली माणसं. कुणाला ऑटिझम आहे, कुणाची समज वयाच्या मागे राहिलीय. त्यांना मुलं म्हणू नका, असं मी दर मीटिंगला सांगते आणि मीटिंग संपताच स्वतःच म्हणते.

सेंटर सीवूड्सला, करावे गावाच्या अंगाला. किस्से सगळ्यांचेच आहेत, पण यंदा चहाला विषय एकच होता. जयेश.

*

जयेश करावे गावातला, सव्वीस वर्षांचा. त्याची आई हिराकाकू मासळी विकते. लहानपणी चार-दोन शब्द बोलायचा, मग तेही गेले.

एकदा एक देणगीदार साहेब सेंटर बघायला आले. जयेश खुर्चीत होता. हातात अर्धी चिकटवलेली कागदी पिशवी, हनुवटी छातीवर, शर्टावर लाळ.

"किती शांत मुलगा आहे हो," साहेब कौतुकाने म्हणाले.

"सर, तो शांत नाही. झोपलाय."

"दमला असेल."

"हो ना. गोळी पचवून!"

आमच्या प्रमुख सुलभाताई मला हाताला धरून किचनमध्ये घेऊन गेल्या आणि साहेब जाईपर्यंत तिथेच थांब म्हणाल्या. शांत राहायची शिक्षा झालेली त्या दिवशी मी दुसरी.

*

मग वाशीहून नवीन मानसोपचार डॉक्टर यायला लागल्या. आम्ही त्यांना डॉक्टरमॅडमच म्हणतो. त्यांनी जयेशच्या गोळ्या टेबलावर मांडल्या आणि हिराकाकूंना एकेक विचारायला सुरुवात केली. पांढरी फिटची, ती कळली. ही गुलाबी कशाची?

"शांत राहन्याची."

सुरू कधी झाली, यावर काकू बराच वेळ आठवत बसल्या. मग निघालं ते असं. त्यांच्या घराला लागून चार मजली बिल्डिंग बांधत होते. दिवसभर ब्रेकर चालायचा आणि जयेश भिंतीवर डोकं आपटायचा, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळी दिली. बिल्डिंग उभी राहिली, भाडेकरू आले, बदलले, पुन्हा बदलले. गोळी आपली चालूच! शिवाय जयेशने जरा आवाज केला, की शेजारी राहणारा पांडूमामा, म्हणजे काकूंचा भाऊ, ओरडायचा, "पेला आना रे त्याचा." जयेशचा लहानपणीचा, नाव कोरलेला स्टीलचा पेला यायचा. एका हातात पेला, दुसऱ्या तळहातावर जादा गोळी.

डॉक्टरमॅडम म्हणाल्या, "म्हणजे ही गोळीपण गावठाणातल्या बिल्डिंगसारखीच. परवानगी कुणी दिली ते माहीत नाही, पण उभी आहे."

सगळ्यात जास्त हसल्या त्या हिराकाकू. "आनी पाडायला गेलात, तर मोर्चा निघल."

*

मोर्चा निघाला. त्यात एकटा पांडूमामा होता, पण आवाज शंभर जणांचा.

कारण जयेशच्या बहिणीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे हळद म्हणजे अख्खं गाव आणि डीजे. आजवर घरात जेवढ्या हळदी झाल्या, तेवढ्या वेळा जयेशला दुपारीच जादा गोळी देऊन मागच्या खोलीत झोपवलं होतं. दर्शना म्हणाली, माझ्या हळदीला भाऊ जागा हवा. नाहीतर रजिस्टर लग्न करते.

मामा म्हणाला, "आनी त्याने मांडव डोक्यावर घेतला तर?"

"घेऊ दे. त्याच्या बहिनीचा हाय."

*

मी तर गुलाबी गोळी दुसऱ्या दिवसापासूनच बंद करायला निघाले होते. डॉक्टरमॅडमनी मला थांबवलं. इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात तोडली तर तो कोसळेल आणि सगळे म्हणतील, बघा, गोळीच बरी होती. थोडी कमी करायची, थांबायचं, बघायचं, मग पुन्हा थोडी. आणि फिटच्या गोळीला अजिबात हात लावायचा नाही, ती लागणारच आहे.

"आणि तोवर आपण काय करायचं?" मी विचारलं.

"बघायचं."

"हो, पण करायचं काय?"

त्यांनी हिराकाकूंकडे बघितलं. "काकू, तुमच्या गुलाबी गोळ्या आता उरणार आहेत. या मुलीला देऊन टाका."

*

एका सकाळी हिराकाकू मासळीची पाटी घरी ठेवून सेंटरला आल्या. तोंड असं, की मला वाटलं जयेशला फिट आली.

"मॅडम, तो मला नको बोलला."

"कोण? जयेश?"

"काल मांदेल्यांचा रस्सा वाडला. ताट सरकवलं आन बोलला, नको."

"मग?"

"मंग परत वाडला. परत बोलला."

"मग?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. "मंग काय, तिसऱ्यांदा मुद्दाम वाडला."

जयेशने नाकारलेला तो अख्खा रस्सा त्यांनी आमच्यासाठी डब्यातून आणला होता. त्या दिवशी आम्ही चहा घेतलाच नाही.

*

लग्न तोंडावर आलं आणि जयेश बिघडला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा, ताट भिरकावायचा. एक दिवस त्याने सेंटरच्या खिडकीची काच फोडली. पांडूमामा आला आणि म्हणाला, झाला ना तुमचा प्रयोग, आता डोस वाडवा. बाहेर जाऊन मी डॉक्टरमॅडमना फोन लावला, तेव्हा माझा आवाज रडका झाला होता.

"कुठल्या गालावर मारतो?"

"उजव्या."

"नेहमी उजव्याच?"

"हो."

"मग मला फोन काय करतेस? तोंडात बघ आधी."

मोबाईलच्या उजेडात बघितलं. उजवीकडची दाढ पार सडलेली आणि हिरडी सुजलेली. वाशीच्या डेंटिस्टने ती काढली आणि हातात धरून म्हणाला, "ही मला असती तर मी काच नाही, अख्खं दुकान फोडलं असतं."

जयेशचा हात पूर्ण वेळ पांडूमामाने धरला होता. बाहेर आल्यावर तो कुरकुरला, "दुखत होती तर सांगायला काय झालं याला?"

दर्शना म्हणाली, "सांगितलं ना मामा. काच फोडून."

डोस वाढला नाही.

*

हळदीची तालीम आम्ही सेंटरमध्येच घेतली. जयेश घाबरणार तो डीजेला, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणून कानांवर लावायचे जाड हेडफोन आणले आणि गाणी आधी बारीक आवाजात, मग मोठ्याने लावली. जयेशने हेडफोन काढून फेकले, स्पीकरपाशी गेला आणि त्याला गाल लावून हसत उभा राहिला!

मग दर्शनाने गमतीत त्याच्या गालाला हळद लावली. तो असा किंचाळला, की वरच्या मजल्यावरची सोसायटीची मीटिंग खाली आली.

म्हणजे इतकी वर्षं डीजेवर उगाच आळ. त्याला सहन होत नव्हता तो ओला हात.

*

हळदीच्या संध्याकाळी डीजेवाल्याने माइकवरून तीनदा सांगितलं, जयेशदादाला हळद कुणी लावायची नाय. जयेश पिवळा कुर्ता घालून स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसला होता, टक्क जागा. पाटावर बसलेली दर्शना हळद लावणाऱ्यांच्या हातांमधून वाकून सारखी त्याच्याकडे बघत होती.

मग पांडूमामाचं आवडतं गाणं लागलं. मामा डोक्याला टॉवेल बांधून खुर्चीवर चढला, डीजेच्या वर आवाज काढायला लागला, दिसेल त्याला ओढायला लागला. दोघातिघांनी त्याला खाली उतरवायचा प्रयत्न केला. मामा आणखी जोरात!

जयेश उठला. हिराकाकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. तो मांडवाकडे न बघता घरात गेला, मागच्या खोलीच्या दिशेने. दर्शनाने मान खाली घातली. संपलं, असंच मलाही वाटलं.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. हळदीचे हात चुकवत, अंग चोरत, गर्दीतून सरळ मामासमोर जाऊन उभा राहिला. एका हातात त्याचा नाव कोरलेला पेला, पाण्याने भरलेला. दुसरा तळहात उघडून त्याने मामापुढे धरला.

डीजेवाल्याने गाणं थांबवलं.

मामा खुर्चीवरून उतरला. त्याने पेल्याकडे बघितलं, तळहाताकडे बघितलं. तळहातावर काहीच नव्हतं. मामाने ते चिमटीत उचललं, तोंडात टाकलं, वरून सगळं पाणी प्यायला आणि जयेशच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन गुपचूप बसला.