गोमाचा साकव

गोमा कुणाच्याही घरी आला तरी ओटीवर टेकायचा नाही. सरळ मागच्या पडवीत जायचा आणि बायका जे काम घेऊन बसल्या असतील त्यात हात घालायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा आई मोड आलेले वाल सोलत होती. हा समोर मांडी घालून बसला, निम्मी परात सोलून टाकली आणि मग म्हणाला, "आये, यंदा लोकल बोर्डाला उभा ऱ्हातोय. आशीर्वाद दे." आईने आशीर्वाद दिला, वर बिरडं-भात वाढला. त्याच जागेसाठी आपला पोटचा मुलगाही उभा आहे, हे तिला आठवलं ते तो हात धुऊन गेल्यावर. आईला मत नव्हतं, हे माझं नशीब.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कशेळ्याला घरची भाताची खाचरं, कर्जतच्या कचेरीत ओळखी. गोमापाशी बापामागे आलेला जमिनीचा तुकडा, जेमतेम निवडणुकीला उभं राहण्यापुरता. वय पंचविशीच्या आत. आणि एक हसू, ज्याचा मला पहिल्या दिवसापासून राग आला.

त्या काळी ज्याच्या नावावर पुरेसा शेतसारा, त्यालाच मत. डोंगरातल्या ठाकरांच्या वाड्यांवर एकाच्याही नावावर काही नव्हतं, आणि हा गडी प्रचाराला जायचा तो नेमका तिथेच! एकदा बाजारात मी त्याला चारचौघांत गाठलं.

"गोमा, तिथं एक तरी मत हाय का रं?"

"नाय."

"मग कशाला तंगड्या तोडतोस?"

"व्हाळ भरला की बाजाराची वाट त्यांचीच बुडते, बापू. पावसाळाभर मिठाला महाग होतात. मग काय हवं ते इचारायचं कुनाला, तुला?"

सगळे हसले. माझ्या पैशाचा चहा पिणारेसुद्धा हसले.

त्या व्हाळावर तो दर वर्षी पावसाआधी वाड्यांवरची माणसं जमवून साकव घालायचा. झाडांचे सोट आडवे टाकायचे, रानवेलींनी आवळायचे. श्रावणातल्या एखाद्या लोंढ्यात सगळं वाहून जायचं. "पानी त्याचं काम करतं, आपन आपलं करायचं," असं म्हणून गोमा पुढच्या वर्षी पुन्हा कंबर कसायचा. मी काठावर छत्री घेऊन उभा असायचो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

निवडणूक मी जिंकली, चांगली घसघशीत. वाजतगाजत घरी आलो, गळ्यातले हार आईला दाखवायला मागे गेलो, तर पडवीत गोमा वाल सोलतोय.

"बरं झालं बापू," तो म्हणाला. "तुजं कचेरीत वजन हाय. आता पक्का साकव कदी करतोस?"

हरल्याचं दुःख मी त्याच्या तोंडावर शोधलं. सापडलं नाही. माझा विजय तिथेच आंबला.

साकव मी मंजूर करून आणला, तो त्याच्या लाकडांचं नावनिशाण राहू नये म्हणून. दगडी खांब, वर पक्की फरशी. खांबाचे दगड वाहायला वाड्यांवरच्या माणसांबरोबर गोमाही होता. काम पुरं होण्याआधीच हिवतापाने त्याला नेलं. वाड्यावाड्यांवरून माणसं उतरली. आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. माझ्यासाठी ही एवढी रडेल का, हा विचार तिरडीमागे चालतानाही माझ्या मनात आला. आला तर आला.

साकवाच्या तोंडाशी दगडावर माझं नाव कोरलेलं आहे. अक्षरं ठसठशीत आहेत, मी स्वतः उभा राहून कोरून घेतली. तरी अख्खा मुलूख त्याला गोमाचा साकव म्हणतो. कचेरीतला कारकूनही.

परवा आईला पलीकडच्या देवीला जायचं होतं. नजर आता अधू झाली आहे. पायाला फरशी लागली तशी ती थांबली.

"बापू, हात धर रं. गोमाचा साकव आला ना?"

"तुज्या मुलानं बांधलाय हा, आये," मी म्हटलं.

"व्हय रं, ठावं हाय," आई म्हणाली. "पन तो आज असता, तर मला हात मागाया लागला नसता."

मी तिचा हात आणखी घट्ट धरला आणि पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही.