जोगळेकर सरांची कवाईत

जोगळेकर सर इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिण्याआधी पायांनी वाजवत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ठाण्यातल्या आमच्या शाळेत सर तात्पुरते शिक्षक होते. पहिल्याच तासाला ते म्हणाले, ‘‘टिंटिनॅब्युलेशन. घंटांचा किणकिणाट. लांब आहे, पण वाघ नाही. तुकडे करा.’’ मग टिं-टि-नॅ-ब्यु-ले-शन अशी पावलं टाकत त्यांनी ‘ले’वर टाच अशी आपटली की टेबलावरची दौत हलली.

‘‘मूळ शब्द टिंटिनॅब्युलम, म्हणजे छोटी घंटा. तिथे जोर ‘नॅ’वर. ‘शन’चं शेपूट लागलं की जोर शेपटाच्या अलीकडच्या तुकड्यावर सरकतो. एज्युकेशन घ्या, स्टेशन घ्या. न ऐकलेला शब्द आला तरी तोंड उघडायचं. इंग्रजी कुणाच्या बापाची नाही!’’

आमच्यापैकी कुणाच्याच घरी इंग्रजी कानावर पडत नसे. कळव्याचा म्हात्रे तर वर्गात तोंडच उघडत नसे. दिवाळीपर्यंत तो अनोळखी धडा उभा राहून वाचू लागला.

हेडमास्तरांना हा वेळेचा अपव्यय वाटे. ‘‘एस.एस.सी.ला उच्चाराचे गुण शून्य. निबंध पाठ करून घ्या.’’ हिशेब बरोबर होता, पण सरांनी तो मानला नाही. तेव्हा हेडमास्तरांनी त्यांचं इंग्रजी काढून कवाईत दिली. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग मैदानावर ‘ले’वर पाय आपटत चालला होता.

‘‘अहो, हे काय चाललंय?’’ हेडमास्तर धावत आले.

‘‘कवाईत. तुम्हीच दिलीत.’’

वर्षअखेरीस सरांना कायम करायचं की नाही, हे ठरायचं होतं. सरांची दोन मुलं लहान होती. शाळेच्या मंडळींनी अट घातली, ‘‘हे प्रकार बंद करतो म्हणा, लगेच कायम करतो.’’

सर म्हणाले, ‘‘बंद करणार नाही.’’

आम्ही बाहेरच उभे होतो. म्हात्रे कळवळून म्हणाला, ‘‘सर, नुसतं हो म्हनायचं होतं. मागून केलं असतं आपण!’’

‘‘मागून का रे? मी काय चोरी करतोय?’’

जूनमध्ये सर कल्याणच्या एका शाळेत रुजू झाले. पुन्हा तात्पुरते.