सत्त्याण्णव टक्क्यांवर अडलेला सिनेमा

माझे साडू चष्म्याच्या काचा घासून देतात. पंचवीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल, दुकानामागेच घर. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आहे आणि त्याला लागून एक संगणक, जो कधीच बंद होत नाही. त्यावरून साडू जुने सिनेमे जगाला फुकट वाटतात. पैसे घेत नाहीत, जाहिरात लावत नाहीत, स्वतःचं नावही सांगत नाहीत.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. देवाण दिसली की घेवाण कुठे आहे ते शोधायची सवय हाडात मुरलेली. निवृत्तीला सात महिने उरलेत, तरी ती जात नाही. म्हणून दर भेटीत मी विचारायचो, "साडूभाऊ, यातून तुम्हाला मिळतं काय?"

"विजेचं बिल," साडू म्हणायचे.

मेहुणी आतून पुस्ती जोडायची. "भाऊजी, घरातला दिवा बदलायला यांना महिना लागतो. पण तिकडे कुणा अनोळख्याला सिनेमा हवा म्हटलं की हे ताटावरून उठतात!"

मी कायदाही काढून पाहिला. ज्याने सिनेमा काढला त्याचा हक्क बुडतो, म्हटलं. साडूंनी वाद घातला नाही. "बुडतो. म्हणून नव्याला मी हात लावत नाही. जो कुठेच विकत मिळत नाही तेवढाच ठेवतो. तरी परवानगी नाही ती नाहीच. खोटं कशाला बोलू?"

"मग का करता?"

तेव्हा त्यांनी स्वतःचा पाय मोडला होता त्या वर्षीची गोष्ट सांगितली. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या त्यांना तरुणपणी पाहिलेला एक सिनेमा आठवला. शोधला, तर साऱ्या जगात एकाच माणसाकडे निघाला. त्याचं इंटरनेट गोगलगायीच्या चालीचं. तरी त्याने एकट्या साडूंसाठी नऊ दिवस संगणक चालू ठेवला. "दहाव्या दिवशी सिनेमा पुरा झाला आणि तो गेला. आभार मानायलाही सापडला नाही. मग मी काय करू? पुढच्याला देतो."

मला हे उत्तर अर्धवट वाटलं होतं. उरलेलं अर्धं मला गेल्या रविवारी मिळालं.

दुपारी तीनला मी नवा चष्मा आणायला गेलो, तर साडू मोजपट्टी हातात धरून संगणकाकडे बघत उभे. बाहेर बाकावर एक गिऱ्हाईक बाई चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला बसलेल्या.

"वाचा," साडू म्हणाले.

पडद्यावर एका अनोळखी बाईंचा निरोप होता. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, त्या आठ वर्षांच्या असताना, एका सिनेमात त्यांनी काम केलं होतं. सिनेमा चार दिवस चालला आणि गायब झाला. त्या चार दिवसांत त्यांना कांजिण्या, त्यामुळे स्वतःला पडद्यावर कधी पाहिलंच नाही. आज संध्याकाळी सहाला सगळं घर जमणार होतं, तो बघायला. पण सिनेमा सत्त्याण्णव टक्क्यांवर अडला होता. त्यांच्यासारखे आणखी सहा जण तिथेच अडकलेले. पुरा सिनेमा कोणाकडेच नव्हता.

"म्हणजे काय? सत्त्याण्णव टक्के तर आला!"

"साडूभाऊ, सिनेमाचे हजार तुकडे करून वाटतात. ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. पण तीस तुकडे या सातांपैकी एकाकडेही नाहीत. मग देणार कोण?"

"पहिल्यांदा चढवला कोणी होता?"

साडूंनी कान खाजवला. "मीच."

आणि मग कबुली दिली. सिनेमा चढवल्यावर चाळीस जणांकडे पुरा पोचला होता. आता चाळीस जण सांभाळतायत म्हणून साडूंनी जागा करायला आपला काढून जुन्या डिस्कवर टाकला. गंमत अशी की त्या चाळिसांनीही हाच विचार केला. एकोणचाळीस आहेतच की, माझा काढला म्हणून काय बिघडतं! असं करत करत सगळ्यांनी काढला.

"डिस्क कुठाय?" मी जवळजवळ ओरडलोच.

डिस्क मेहुणीने काढून दिली, शिलाई मशीनच्या खणातून. "तरी म्हटलं हे जड जड काय आहे!" पण डिस्क चालू करायचा अडॅप्टर नव्हता. तीन खण, दोन पिशव्या, कपाटावरचा खोका, सगळं उपसलं. चार वाजले. मी घामाघूम. शेवटी मीच खाली वाकून प्रत्येक यंत्राच्या वायरीवरचे आकडे वाचत सुटलो. ऑफिसच्या भांडारात चौतीस वर्षं हेच केलंय, लेबल वाचायचं. काचेचा नंबर मोजायच्या यंत्राचा अडॅप्टर तंतोतंत जुळला!

"पण मग माझा नंबर?" बाकावरच्या बाई.

"तुमचा नंबर पळून जात नाही हो, पण कुणाचा तरी सिनेमा जाईल!" साडू म्हणाले. बाई चिडतील असं वाटलं, तर त्या उठून आतच आल्या. "काय चाललंय तरी काय? मलाही बघू द्या."

डिस्क घुरघुरली, जागी झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला तुकडा निघाला. आकडा हलला. सत्त्याण्णव पूर्णांक एक.

आणि मग जे पाहिलं ते मला या वयात नवीन होतं. साडू प्रत्येकाला वेगळा तुकडा देत होते. ज्याला मिळाला तो लगेच उरलेल्या सहांना देत होता. ना ओळख ना पाळख, पण हाताला हात लावून घागर पुढे सरकवावी तसे सातही आकडे एकदम वर चढायला लागले. अठ्ठ्याण्णव! नंबर तपासायला आलेल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. नव्व्याण्णव! मेहुणी म्हणाली, "अहो, जोरात पाठवा ना!" जसं काही साडू हाताने ढकलत होते.

नव्व्याण्णव पूर्णांक आठला आकडा थांबला. पाच सत्तेचाळीस. डिस्क टकटक वाजायला लागली. साडूंनी ती दोन्ही हातांनी उचलून अलगद आडवी ठेवली आणि श्वास रोखून उभे राहिले. आम्ही तिघंही. टकटक थांबली. आकडा सरकला.

शंभर! आधी एक, मग तीन, मग सातही.

साडेसहाला निरोप आला. "दिसले मी! दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. नात म्हणते, ही तू नाहीसच. आम्ही तेवढंच परत परत लावतोय."

साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी त्या रविवारी त्यांना काय मिळतं ते विचारलं नाही. फक्त म्हटलं, "हा माझ्या घरच्या संगणकावरही टाका. दुसऱ्यांकडे आहे म्हणून मी काढणार नाही."

"आणि कायदा?"

"बोच आहेच," मी म्हणालो. "ज्यांचा सिनेमा त्यांनी तो उद्या विकायला काढला, तर पहिलं गिऱ्हाईक मी, आणि त्याच दिवशी हा बंद. तोवर तो नाहीसा तरी होऊ नये."

सिनेमा त्याच रात्री माझ्या संगणकावर आला, पण सोमवारी तो घ्यायला कोणी फिरकलं नाही. मंगळवारीही नाही. काल सकाळी दात घासता घासता डोकावलो, तर कोणीतरी माझ्याकडून घेत होतं! कोण, कुठलं, देव जाणे. चार टक्के, पाच टक्के... मी तोंडात ब्रश तसाच धरून बायकोला हाका मारत सुटलो. ऑफिसला निघताना तिला तीनदा बजावलं, काहीही झालं तरी प्लग काढू नकोस.