जास्तीचा ठिपका

माझ्या मावशीइतकं गरीब स्वभावाचं माणूस मी पाहिलं नाही, आणि तिच्याइतका राग मला कुणाचाच येत नाही.

वेधशाळेत ती एकतीस वर्षं काचेच्या प्लेटा तपासत होती. दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो ते. त्यांत आभाळ पांढरं आणि तारे काळे. उत्तरेच्या आकाशातली एक दूरची सर्पिल दीर्घिका तिच्याकडेच असे. एकदा त्या दीर्घिकेच्या बाहेरच्या फाट्यावर तिला एक ठिपका जास्तीचा दिसला. आधीच्या प्लेटेवर तो नव्हता. स्फोट झालेला तारा. तिने काचेच्या मागच्या बाजूला शाईने वर्तुळ काढलं, तारीख घातली, सही केली. साहेबांनी शोध स्वतःच्या नावावर छापला. मावशीने ब्र काढला नाही. वर मलाच म्हणते, "जाऊ दे गं, त्यांना लिहायची सवय आहे."

पुढे प्लेटा स्कॅन करायचं ठरलं. शाईखाली तारे झाकले जातात, म्हणून मागची बाजू आधी स्पिरिटने पुसायची. मावशीच्याच शब्दावर मी त्या कामाला लागले होते. ती प्लेट हातात आली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तारा तिचा होता याचा जगात तेवढाच पुरावा. मी साहेबांना म्हटलं, आधी शाईसकट एक फोटो घेऊ.

"शाईचा कसला फोटो?" मान वर न करता ते म्हणाले. "शोधाची नोंद आहे आपल्याकडे. पुसून टाका."

कुणाच्या नावाची नोंद, ते मला विचारा. तेव्हा कुणाच्या फोनमध्ये कॅमेरा नसे. मी प्लेट खणात दडवली आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीचा कॅमेरा आणायला धावले.

परत येते तो खण उघडा. मावशीच्या मोजणीत एक प्लेट कमी भरली होती, आणि मोजणी चुकलेली तिला कधीच चालली नाही. समोर बसून ती कापसाने काच पुसत होती.

"काय केलंस हे, मावशी?"

"तुझी एक राहिली होती. साहेब बोलले असते तुला."

"कुठली प्लेट ते कळलं तरी का?"

"न कळायला काय झालं?"

तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. साहेबांचं एक वेळ गिळलं असतं मी, पण हिने स्वतःच्या हाताने पुसावं? भित्री, लाचार, तोंडाला येईल ते बोलले. तिने प्लेट उजेडात धरून माझ्यापुढे केली.

"मला हल्ली बारीक दिसत नाही," ती म्हणाली. "तू बघ बरं, कुठे डाग राहिला नाही ना?"

मी बघितलं. एकही राहिला नव्हता.