‘पाह्यलं’ म्हणणारी ताई

दोरा दाताने तोडायचा, तोंडातलं टोक थुंकून टाकायचं आणि मान वर न करता म्हणायचं, "भाऊ, मले सगयं दिसते बरं." समोरच्या हॉटेलवाल्याने भज्यांचं तेल बदललं नाही, हे ताईंना दिसायचं. मी दुपारी गल्ल्यावर डुलकी घेतो, तेही दिसायचं. धाड गावच्या बाजाररस्त्यावर आमच्या गाळ्यांची ओळ आहे. माझं वह्या-पेनांचं दुकान, आणि लागूनच ताईंचं ब्लाउज शिवण्याचं.

लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. सकाळी ओळखीचा ऑटोवाला कुबड्यांसकट त्यांना दुकानात आणून बसवायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा. मशीनला मोटर होती. अशा बाईला तुम्ही पटकन ‘बिचारी’ म्हणाल. एका गिऱ्हाइकाने तसं म्हटलंही होतं. ताईंनी तिच्या खांद्यावरची टेप काढून घेतली आणि विचारलं, "बिचारी मी, का नवऱ्याले विचारल्याबिगर गळा ठरवता येत नाही ते तू?" दोघी इतक्या हसल्या की ती बाई पुढे दुसरीकडे कधी शिवायला गेली नाही.

तो बाजाराचा दिवस होता, भर दुपार. डोंगराकडच्या गावातून सायकलवर सीताफळं आणणारा एक म्हातारा आमच्या ओळीसमोर बसायचा. गर्दीत त्याची सायकल कलंडली आणि टोपलं एका पांढऱ्या गाडीला घासलं. गाडीतून तिघं उतरले. त्यांतला एक आमच्या गाळामालकाचा पुतण्या. दोघांनी म्हाताऱ्याला धरलं आणि पुतण्याने कमरेचा पट्टा काढला. म्हातारा "चुकलं, दादा" एवढंच म्हणत होता. पट्ट्याचं बक्कल कानावर बसलं, तेव्हा तेही थांबलं.

रस्ता माणसांनी भरलेला होता. काहींनी मोबाईल वर धरले. हॉटेलवाला हातात झाऱ्या घेऊन तसाच उभा. मी शटरला धरून उभा. मधे पडलो तर पट्टा आपल्यावर फिरेल आणि उद्या गाळाही जाईल, एवढा हिशेब माझा तेवढ्यात झाला होता. त्या तिघांचा मला आजही संताप येतो. आम्हा धडधाकट पायांच्या माणसांचा त्याहून जास्त येतो.

ताई मात्र ओरडत होत्या. "सोडा त्याले! म्हातारा माणूस हाय!" कोणी वळून पाहीना, तेव्हा हाताला लागेल ते त्या फेकू लागल्या. दोऱ्याची रिळं, खडू, लाकडी पट्टी. कात्री उचलली, क्षणभर हातात धरली आणि खाली ठेवली. एक लाल रीळ पुतण्याच्या बुटाला लागलं, तर गर्दीतले दोघं हसले. मग ताई खुर्चीवरून खाली उतरल्या. कुबड्या कोपऱ्यात होत्या. हातांवर अंग ओढत त्या पायरीपर्यंत आल्या. पायरी उंच, पुढे नाली. तिथेच त्या थांबल्या आणि गाडी निघून गेली.

त्यांना उचलायला मी गेलो. त्यांनी माझा हात झटकला.

म्हाताऱ्याला बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून पोलिसांत खबर गेली आणि दुसऱ्या दिवशी जमादार चौकशीला आले. हॉटेलवाला म्हणाला, मी आत होतो. मी म्हणालो, गिऱ्हाईक होतं. ताईंच्या दुकानात ते नुसतं विचारायचं म्हणून डोकावले.

"मी पाह्यलं. लिहून घ्या," ताई म्हणाल्या.

जमादारांनी विचारलं, बाई, तुम्ही तर आत बसून असता.

"पाय चालत नाहीत, साहेब. डोये चालतात."

नावं, पट्टा, बक्कल, सगळं त्यांनी सांगितलं आणि खाली सही केली.

दोन-तीन बाजार गेले. म्हातारा बायकोला घेऊन ताईंच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.  बायकोनेच सांगितलं की यांनी पोलिसांना लिहून दिलं, सायकलवरून पडलो म्हणून. म्हातारा खाली पाहत म्हणाला, "बाई, मले याच बाजारात बसा लागते."

मला वाटलं, आता ताई फाडून खातील. त्यांनी मशीन बंद केली आणि विचारलं, "कोन्त्या कानानं आयकू येते?" त्याने डावा कान दाखवला. ताईंनी त्याला जवळ बोलावलं आणि त्या कानाशी सावकाश म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. तुमच्यावर राग नाही माहा."

प्रकरण तिथेच मिटलं. पुतण्या पुन्हा त्याच गाडीतून बाजारात फिरू लागला. महिना उलटायच्या आत ताईंना गाळा रिकामा करायला सांगण्यात आलं. कारण काय, तर मालकाला गोदाम करायचं होतं. ताई मालकाकडे विनवायला गेल्या नाहीत. मलकापूरला बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरवलं.

टेम्पो आला, तशी अख्खी ओळ धावली. हॉटेलवाल्याने आणि आणखी दोघांनी मशीन चढवली. कोणी कपाट घेतलं, कोणी कपड्यांचे गठ्ठे. मग चौघांनी मिळून ताईंना खुर्चीसकट उचललं आणि ड्रायव्हरशेजारी अलगद बसवलं. मी कुबड्या हातात दिल्या. ताईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"मले उचलाले एवढे हात हायेत," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कुठी होते?"

 ड्रायव्हरने मागचा फाळका लावला आणि टेम्पो निघाला. आम्ही रस्त्यात उभे होतो.