नळीच्या तोंडावरचे कुंकू

आमच्या साहेबांना इन्सर्ट काढता येत नसे. ही गोष्ट शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि ती कोणीही बोलून दाखवत नसे. इतकी शिस्त आम्ही आणखी एखाद्या कामात पाळली असती, तर शेडची स्थिती जरा बरी राहिली असती.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत, आंब्याचा रस डब्यांत भरणारा एक कारखाना आणि मासळी गोठवणारा दुसरा, यांच्या मधोमध ही शेड आहे. इलेक्ट्रॉनिक कार्डे तपासणारी यंत्रे तिथे दुरुस्तीला येतात. अशा यंत्राच्या तोंडाशी वहीच्या आकाराचा धातूचा एक ठोकळा असतो. ठोकळ्यात भोकांच्या रांगा असतात, आणि प्रत्येक भोकात शेंगदाण्याहून लहान असा एकेक इन्सर्ट, मागे केबलचे शेपूट घेऊन बसलेला. अतिशय वेगवान सिग्नल त्याच्यातून ये-जा करतात, म्हणून त्याच्या तोंडावर धुळीचा कणही चालत नाही. झिजला की तो काढायचा आणि नवा बसवायचा. काढण्यासाठी पेनाएवढी एक पोकळ नळी असते. ती समोरून इन्सर्टवर सरळ सरकवली की त्याला धरून ठेवणारी दोन नाजूक पाती मिटतात. मग मागचा दट्ट्या दाबायचा, इन्सर्ट पाठीमागून अलगद बाहेर येतो. केबल धरून ओढायचे नाही आणि नळी तिरकी जाऊ द्यायची नाही, एवढेच काय ते नियम.

साहेब केबल धरून ओढत, तेही पक्कडीने. पाती मोडत, आणि मोडलेल्या पात्यांना ते ‘मटेरियलचा दोष’ म्हणत. पुण्याहून आलेला हा गृहस्थ. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रे चौकटीत होती आणि त्या चौकटींवर ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने फडके फिरवीत. यंत्रावर फडके फिरवताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

अर्थात हे सारे मी मनात म्हणत असे. मोठ्याने बोलणे मला कधी साधलेच नाही. पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बरीच वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले, आणि त्यातला बराच काळ मुलांकडे पाठ करून फळ्याशी बोललो. ती तुकडी बंद पडली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. या शेडमध्ये मला घेतले ते कागदपत्रांच्या इंग्रजीसाठी. पण कागदपत्रे थोडी आणि दिवस मोठा, म्हणून मला हातकामाच्या बाकावर, एका बाईंच्या शेजारी, शिकाऊ म्हणून बसवण्यात आले.

बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. घर मिऱ्याच्या किनाऱ्याला, वडील आणि भाऊ होडीवर. सुरुवातीला त्या पॅकिंगमध्ये खोकी भरत, आणि तिथून या बाकापर्यंत यायला त्यांना सहा वर्षे लागली होती. इन्सर्ट त्यांच्याइतका स्वच्छ कोणी बसवत नसे. मागून केबल आधी ओवायची, खाच जुळवायची, ‘टक्’ होईपर्यंत दाबायचे, आणि मग हलकेच ओढून बघायचे. किती हलकेच, असे मी एकदा विचारले.

“जाळ्याची गाठ बसली का बघतात ना, तेवढं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाळं कधी विणलंय काय ओ सर?”

“नाही.”

“मग काय शिकलात इतकी वर्षं?”

त्या मला ‘सर’ म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर माझ्या वर्गात होता. तो नापास झाला होता. याचीही त्या अधूनमधून आठवण करून देत. माझी नळी हटकून तिरकी जाई. त्या मान न वळवता, केवळ आवाजावरून, “तिरकी गेली, परत,” एवढेच म्हणत.

त्या वर्षी खंडेनवमीला साहेबांच्या मनात भव्य पूजा करायचे आले. आमच्याकडे नवमीला हत्यारे मांडून ठेवायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही जुनीच रीत. शेडमध्ये ती एरवी एका पाटावर, एका नारळात उरकत असे. साहेबांचा देवावर विश्वास होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. फोटोवर होता. मुख्य कार्यालयाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी त्यांना फोटो हवा होता. लांब टेबल आले, त्यावर झेंडूच्या राशी आल्या, आणि राशींमध्ये आमची हत्यारे ओळीने मांडली गेली.

बाईंच्या नळ्यांच्या तोंडांना लहान काळ्या टोप्या असत. सायकलच्या व्हॉल्व्हचे रबर कापून त्यांनी त्या स्वतः केल्या होत्या.

“ती काळी टोपणं काढा हो,” साहेब म्हणाले. “फोटोत घाण दिसतात.”

“साहेब, तोंड उघडं राहिलं तर आत धूळ बसते.”

“एका दिवसात काय होतंय? काढा, काढा. आणि सर, पूजा तुम्ही करा. तुमचं संस्कृत छान आहे.”

बाईंनी टोप्या काढून ओच्यात टाकल्या आणि त्या फाटकाला तोरण बांधायला निघून गेल्या. मी पूजेला बसलो. या सगळ्या देखाव्याविषयी मला किती तुच्छता वाटत होती, हे मी मंत्र म्हणता म्हणता मनात फार नेटक्या शब्दांत मांडत होतो. हात मात्र आज्ञाधारकपणे चालला होता. प्रत्येक हत्याराला आधी हळद, मग कुंकू. नळ्यांपाशी आल्यावर मी क्षणभर थांबलो. मुठीवर कुंकू लावले तर ते झेंडूखाली झाकले जाईल, असे माझ्या लक्षात आले. फोटोत दिसावे म्हणून मी ते नळ्यांच्या अगदी तोंडावर लावले. चिमूट चांगली भरून लावले. साहेबांच्या फोटोचा तिरस्कार करणाऱ्या माणसाने त्याच फोटोची काळजी साहेबांपेक्षा अधिक बारकाईने घेतली.

दसऱ्यानंतर कामे सुरू झाली. एका गिऱ्हाइकाचा ठोकळा तयार करायचा होता. त्यांची दोन माणसे गुरुवारी तो ताब्यात घ्यायला येणार होती. बाईंनी सवयीप्रमाणे नळी बाहेरून स्पिरिटने पुसली आणि काम पुरे केले. आठ इन्सर्ट त्यांनी बाहेर काढले, त्यांच्या केबली बदलल्या आणि ते पुन्हा बसवले. एक जागा मुळात रिकामी होती, तिथे नवा घातला. चाचणी लावली तेव्हा आठही जागी सिग्नल डळमळू लागला.

साहेब आले. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलेही नाही; त्यांनी बाईंच्या हातांकडे पाहिले.

“मीठ,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं. दर्याकाठचे हात, त्यात घाम. कितीही धुवा, मीठ जायचं नाही.”

“साहेब, मी हातमोजे घालते.”

“मासळी निवडून येता ना सकाळी?”

“येते. आणि हातमोजेही घालते. तुम्ही पक्कडीने ओढता तेव्हा तुमच्या हाताला काय असतं ते कोणी विचारलं नाय.”

मागे कोणीतरी फुसकन हसले. साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ‘मटेरियलचा दोष’ हा शब्द आता उपयोगाचा नव्हता, दोष माणसाचा हवा होता.

“आजपासून तुम्ही पॅकिंगला,” ते म्हणाले.

आमच्या शेडमध्ये बाकावरून उठलेला माणूस पुन्हा बाकावर बसत नाही. असे लिहिलेले कुठे नाही, पण तसे झालेले कोणी पाहिलेलेही नाही. बाईंनी हातमोजे काढले, घडी घातली आणि खणात ठेवले. घडी घालायला त्यांना जरा जास्त वेळ लागला.

जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच बाकाशी थांबलो. नववी जागा ठीक चालत होती, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. हात तेच, हातमोजे तेच, घाम असला तर तोही तोच. फरक एवढाच की त्या जागी काढायचे काहीच नव्हते, म्हणून त्या इन्सर्टला नळी लागली नव्हती. इतका सोपा प्रश्न मी अकरावीच्या मुलांनाही घातला नसता. मी नळी उचलून भिंगाखाली धरली. आतल्या भिंतीला, तोंडापासून थोड्या अंतरापर्यंत, लाल कडे होते.

त्यानंतर मी जे केले ते लिहिणे मला अवघड जाते. मी इकडेतिकडे पाहिले, कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि नळी आतून पुसायला लागलो. कोणाला काही न सांगता ती स्वच्छ होईल, इन्सर्ट स्वच्छ होतील, चाचणी पार पडेल, आणि मला तोंड उघडावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. बाई पॅकिंगमध्येच राहतील, हे त्या हिशेबात कुठे बसते, ते मी पाहिले नाही.

“काय पुसताय ओ सर?”

त्या डबा न्यायला आल्या होत्या. काडीचे टोक लाल झाले होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि बोटावर घासून पाहिली.

“पूजा कोणी केली होती?”

“मी.”

“तोंडालाच लावलंत?”

“फोटोत दिसावं म्हणून.”

त्या हसतील किंवा ओरडतील, असे मला वाटले. त्यांनी काडी माझ्यासमोर बाकावर ठेवली. “सांगा नायतर नका सांगू,” त्या म्हणाल्या. “पण ही फेकू नका.” आणि डबा घेऊन त्या पॅकिंगकडे गेल्या.

मी केबिनमध्ये गेलो. वाक्य मनात तयार केले होते. ते तीन ठिकाणी अडखळत बाहेर आले. साहेबांनी काडी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि दार लोटून घेतले.

“सर, तुम्ही शिकलेले. पूजेमुळे मशीन बिघडलं, हे मुख्य कार्यालयाला कळवायचं? तो फोटो त्यांनी सगळ्या शाखांना पाठवलाय.” ते जरा जवळ आले. “पुसून घ्या. आणि मीठ ते मीठच राहू दे. कोणाचं काय जातंय?”

इतका क्षुद्र माणूस मी तोवर पाहिला नव्हता, असे लिहिण्याचा मोह होतो. पण तासाभरापूर्वी कापसाची काडी घेऊन बसलेल्या एका माणसाला मी चांगले ओळखत होतो, आणि त्या दोघांत दाराच्या आत-बाहेर असण्याखेरीज फारसा फरक मला सापडला नाही. साहेबांनी तीच गोष्ट निदान न अडखळता सांगितली.

दुपारच्या चहाला सगळे शेडच्या दाराशी जमतात. मी उभा राहिलो. कोणाचे लक्ष नव्हते. मी खाकरलो, तरीही नव्हते. शेवटी मी कपबशी खिडकीच्या कट्ट्यावर जरा जोरात ठेवली.

“कुंकू मी लावलं,” मी म्हणालो. “नळीच्या आत गेलं. त्यामुळे आठ जागा बिघडल्या. मीठ नाही.”

वाक्ये लहान होती, कारण मोठी मला पेलली नसती. मग लेथवरचा म्हातारा म्हणाला, “म्हणजे सर, ठोकळ्याला सवाशीण केलंत तुम्ही!”

“आता ओटी भरा म्हणावं!” आणखी कोणी म्हणाले, आणि शेड हसून गडगडली. आयुष्यभर मी ज्या हसण्याला भीत आलो होतो ते हेच. ते अंगावर येऊन, ओसरून गेले. चहा अजून गरम होता. बाई पॅकिंगच्या दाराशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर मिठाचा विषय परत काढणे शक्य राहिले नव्हते.

बाईंनी त्याच दुपारी नळी आतून पुसून आठही इन्सर्ट काढले, धुतले आणि बसवले. आठ वेळा ‘टक्’ झाले. गुरुवारी ती दोन माणसे आली, चाचणी पार पडली, आणि साहेबांनी त्यांना आपल्या देखरेखीच्या पद्धतीविषयी बराच वेळ सांगितले. मी ते ऐकले पॅकिंगमधून. चूक कबूल झाली म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे, हे साहेबांना तत्त्व म्हणून पटलेले होते, आणि बाई बाकावर परतल्यामुळे पॅकिंगमधली त्यांची रिकामी झालेली जागा कोणीतरी भरायला हवी होती. मी अजून तिथेच आहे. खोक्यांत फोम भरतो, चिकटपट्टी लावतो. साहेब जाता-येता मला संस्कृतात नमस्कार करतात. त्यांना तो विनोद वाटतो.

गेल्या आठवड्यात बाई एक जुना, भंगारात काढलेला ठोकळा घेऊन आल्या. सोबत नळी होती, तोंडाला काळी टोपी घातलेली. दोन्ही वस्तू त्यांनी माझ्या खोक्यांवर ठेवल्या.

“खोकी काय, ती कोणीपण भरील,” त्या म्हणाल्या. “जेवणाच्या सुट्टीत हे काढत, बसवत जा.”

मी टोपी काढून खिशात ठेवली आणि नळी इन्सर्टवर सरकवली. बाई परत निघाल्या होत्या. दारापाशी त्या थांबल्या, मान न वळवता.

“तिरकी गेली,” त्या म्हणाल्या. “परत.”